पहिल्या ९५ अंशांआधी: हॉट-स्टार्ट पॉलिमरेज निवडताना आणि वापरताना

पीसीआरमध्ये मशीन ट्यूब पुन्हा पुन्हा तापवून-गार करून डीएनएच्या एका तुकड्याच्या नकला वाढवतं. त्या नकला करणारं एन्झाइम म्हणजे पॉलिमरेज, बहुधा टॅक, आणि तापेपर्यंत बांधून ठेवलेलं पॉलिमरेज म्हणजे हॉट-स्टार्ट. त्याची ऑर्डर देण्याआधी एक करा. मास्टर मिक्समध्ये (सगळ्या ट्यूबांसाठी एकत्र केलेल्या मिश्रणात) टॅक पडल्यापासून मशीन ९५ अंशांवर पोचेपर्यंत तुमच्याकडे किती वेळ जातो, ते घड्याळ लावून बघा. आमच्या लॅबमध्ये एमएस्सीची मुलं एका वेळी दोन डझन ट्यूब लावतात. एक पिपेट तिघांत, मधेच कोणीतरी टिपांचा डबा शोधायला जातो, आणि मे महिन्यात एसी घरघरत असला तरी टेबलावर तीस अंश असतातच. पाऊण तास कुठे गेला कळत नाही. हॉट-स्टार्टचं सगळं काम या पाऊण तासात आहे. त्यानंतरच्या पस्तीस सायकलींत (तापवण्या-गार करण्याच्या फेऱ्यांत) ते एन्झाइम साध्या टॅकसारखंच वागतं, हे कंपनीचा माणूस तुम्हाला सांगणार नाही.

मी गोव्यातल्या पेडण्याची. कॉलेजच्या मॉलेक्युलर लॅबमध्ये टेक्निकल असिस्टंट आहे. शिकवणं प्राध्यापकांकडे, फ्रीजर, ऑर्डरी, मशीन आणि ‘मॅडम, बँडच येना’ (बँड म्हणजे हव्या तुकड्याचा जेलवर दिसणारा पट्टा) ही तक्रार माझ्याकडे. त्यामुळे खाली लिहिलंय ते त्या तक्रारीच्या बाजूने लिहिलंय.

टॅक थर्मस ॲक्वाटिकस या जिवाणूचं. थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतून तो वेगळा केला आणि १९६९ साली त्याचं वर्णन छापलं. उकळत्या पाण्याजवळ राहणाऱ्या जिवाणूचं एन्झाइम, म्हणून ते आपल्या टेबलावर स्वस्थ बसून राहत असेल असा मुलांचा समज असतो. तसं नाही. ७० अंशांना ते सेकंदाला साठाहून जास्त बेस (डीएनएची अक्षरं) जोडतं, ३७ ला दीड, आणि २२ ला पाव. पाव बेस म्हणजे हसण्यासारखा आकडा वाटतो. पण दहा मिनिटांचा हिशोब करा: दीडशे बेस. तुमचा प्रायमर, म्हणजे नक्कल जिथून सुरू होते तो डीएनएचा छोटा तुकडा, असतो वीस-पंचवीस बेसचा. आणि आमचं टेबल २२ अंशांना कधीच नसतं.

तेवढ्या वेळात होतं काय, तर थंड मिश्रणात प्रायमर कुठेही चिकटतो. शेवटचे चार-पाच बेस जुळले तरी त्याला पुरतं. एरवी असा प्रायमर गरम केल्यावर सुटून गेला असता. पण टॅक जागं असल्यामुळे ते त्याच्यापुढे धागा वाढवतं आणि ती चुकीची जोडी पक्की होते. त्या चुकीच्या तुकड्याच्या टोकाला आता तुमचाच प्रायमर आहे, शंभर टक्के जुळणारा. दोन्ही बाजूंनी असं झालं, की पुढे ॲनिलिंग (प्रायमर चिकटायची पायरी) ६० अंशांना ठेवा नाहीतर ६५ ला, त्याची नक्कल होतच राहणार. दोन प्रायमर एकमेकांच्या शेपटीला चिकटले तर प्रायमर-डायमर, जेलच्या तळाशी शंभरच्या खाली दिसणारा तो धुरकट पट्टा. म्हणूनच ‘ॲनिलिंग दोन-दोन अंशांनी वाढवत नेलं, जादा बँड हलत नाही’ असं कोणी सांगितलं, की मी आधी विचारते, ट्यूब मशीनमध्ये जाईपर्यंत होत्या कुठे?

आता यावरचा फुकटातला उपाय आधी सांगते, कारण बऱ्याच वेळा तेवढाच पुरतो. सगळं बर्फावर लावा, टॅक सगळ्यात शेवटी घाला, मशीनचा ब्लॉक आधी ९५ ला नेऊन थांबवा, आणि मग बर्फावरून ट्यूब थेट त्यात ठेवा. प्लाझ्मिड (जिवाणूतलं गोल डीएनए) तपासायचं आहे, कॉलनी पीसीआर (थेट जिवाणूंची कॉलनी घालून केलेला) आहे, प्रायमर चांगले आहेत, टेम्प्लेट (ज्याची नक्कल करायची तो डीएनए) भरपूर आहे, तर साधं टॅक आणि हा उपाय. कॉलनी पीसीआरला हॉट-स्टार्ट वापरणाऱ्या मुलाला मी बाटली परत ठेवायला लावते.

याने भागत नाही तेव्हाच हॉट-स्टार्ट. म्हणजे टेम्प्लेट अगदी थोडं असतं, एका ट्यूबमध्ये प्रायमरच्या चार-पाच जोड्या असतात, प्रायमर डीजनरेट (काही जागी एकाहून जास्त अक्षरं असलेले) असतात, सायबर ग्रीन रंगाचा क्यूपीसीआर (नकला होतानाच मोजणारा पीसीआर) असतो, किंवा प्लेट इतकी मोठी असते की बर्फ वितळून जातो. सायबर ग्रीनचं तर विचारूच नका. तो रंग कुठल्याही दुहेरी धाग्याला चिकटतो, डायमरही मोजतो, आणि निगेटिव्हमध्ये (डीएनए न घातलेल्या ट्यूबमध्ये) आकडा आला की मुलं घाबरून माझ्याकडे धावतात.

बाजारात मिळणाऱ्या हॉट-स्टार्टमध्ये टॅक बहुधा तेच असतं. ते बांधून कशाने ठेवलंय, यात फरक. बाटलीवर ‘हॉट स्टार्ट’ एवढंच मोठ्या अक्षरांत असतं, बांधणीचा प्रकार आतल्या कागदावर बारीक अक्षरांत. तो कागद फेकायचा नाही.

पहिला प्रकार रासायनिक. टॅकवर छोटे रासायनिक गट जोडून ते बंद केलेलं असतं. ॲम्प्लिटॅक गोल्ड आणि हॉटस्टारटॅक ही त्यातली जुनी नावं. हे गट गळायला ९५ अंश आणि दहा मिनिटं लागतात, काहींना पंधरा, नव्या काहींना पाच. इथे एक बारकावा आहे. ट्रिस बफर (पीएच सांभाळणारं, एन्झाइमसोबतचं द्रावण) तापला की त्याचा पीएच खाली येतो, आणि त्या उतरलेल्या पीएचवर हे गट सुटतात. म्हणजे बफर हा त्या कुलपाच्या किल्लीचा भाग आहे. गोल्डचं एन्झाइम आणि दुसऱ्याच बाटलीतला जास्त पीएचचा बफर, असा संसार मांडला तर एन्झाइम अर्धवटच जागं होतं. दहा मिनिटांनंतरही सगळं एकदम सुटत नाही. काही भाग पुढच्या सायकलींत हळूहळू सुटतो. छोट्या तुकड्यांच्या मल्टिप्लेक्सला (एका ट्यूबमध्ये प्रायमरच्या अनेक जोड्या) आणि क्यूपीसीआरला हे चांगलंच. पण दहा मिनिटं ९५ अंश म्हणजे टेम्प्लेटलाही मार बसतो, प्युरीन (ए आणि जी ही अक्षरं) गळतात, धागे तुटतात. तुमचा तुकडा दोन-तीन हजार बेसांच्या वर असेल तर हा प्रकार घेऊ नका.

दुसरा अँटिबॉडीचा. टॅकच्या विरुद्ध बनवलेली मोनोक्लोनल अँटिबॉडी (एकाच ठरावीक जागी चिकटणारं प्रथिन) त्याला चिकटून बसते आणि ९४-९५ ला मिनिट-दोन मिनिटांत उकलून निकामी होते. प्लॅटिनम टॅक, जम्पस्टार्ट टॅक ही यातली. सगळं एन्झाइम एकदम मोकळं होतं, टेम्प्लेटला फारसा त्रास नाही, लांब तुकड्यांना चालतं. रोजच्या कामाला एकच बाटली ठेवायची असेल तर मी हीच ठेवीन. एकच लक्षात ठेवायचं: अँटिबॉडी एकदा उकलली की परत बांधत नाही.

तिसरा ॲप्टामरचा. डीएनएचाच एक छोटा दुमडलेला तुकडा टॅकला धरून ठेवतो आणि ४५ अंशांच्या आसपास सोडतो. एनईबी कंपनीचं हॉट स्टार्ट टॅक असं आहे, क्यू५ हॉट स्टार्टही. याला जागं करायला वेगळी पायरी लागत नाही, नेहमीचे ३० सेकंद ९५ पुरतात. आणि ट्यूब थंड झाली की ॲप्टामर पुन्हा धरतो.

ही ‘पुन्हा धरतो’ची गोष्ट पुस्तकात एका ओळीत उरकतात, पण गोव्यात तिला जास्त किंमत आहे. जूनमध्ये पहिले दोन जोरदार पाऊस झाले की कुठेतरी माड तारांवर पडतो आणि वीज जाते. मशीनला यूपीएस असला तरी त्याची बॅटरी म्हातारी असते. समजा पाचव्या सायकलला वीज गेली आणि वीस मिनिटांनी आली. मशीन जिथे थांबलं तिथून पुढे जाईल, स्क्रीनवर काही वाईट दिसणारही नाही. पण अँटिबॉडीवालं एन्झाइम त्या वीस मिनिटांत आधीपासूनच पूर्ण मोकळं असतं, ट्यूब गार झालेल्या, प्रायमर भरपूर. म्हणजे हॉट-स्टार्ट असून नसल्यासारखं. रासायनिकमध्येही बराच भाग सुटलेला असतो. ॲप्टामरवालं मात्र थंड होताना परत बांधलं जातं. म्हणून जून ते सप्टेंबर मी ॲप्टामरची बाटली पुढच्या खणात ठेवते. आणि वीज कुठल्या सायकलला गेली हे वहीत लिहायला लावते, कारण पंचविसाव्या सायकलनंतर गेली असेल तर खऱ्या तुकड्याच्या इतक्या नकला झालेल्या असतात की चुकीच्याला वर यायला वाव उरत नाही. पहिल्या दहांत गेली तर त्या ट्यूब मी सरळ टाकायला सांगते.

ॲप्टामरची एक अडचणही आहे. ॲनिलिंग ४५ च्या खाली असेल तर त्या पायरीत एन्झाइम बांधलेलंच राहतं. आमच्याकडे तिसऱ्या आणि शिनाण्या या शिंपल्यांवर काम करणारी मुलं फॉल्मर यांचे १९९४ चे प्रायमर वापरतात. त्यांचं मूळ ॲनिलिंगच ४० अंशांचं. तिथे प्रायमर नीट न जुळताच धरून असतो, टॅकने त्याच वेळी दोन-चार बेस जोडले तरच तो ७२ पर्यंत तग धरेल. अशा कामाला अँटिबॉडी.

मेणाच्या मण्यांचा एक जुना प्रकार होता, मेण वितळल्यावर वरचं आणि खालचं मिश्रण एक होतं. आता कोणी वापरत नाही, मीही वापरलेला नाही.

प्रूफरीडिंग एन्झाइमचं जरा वेगळं आहे. फ्यूजन, क्यू५ यांच्यात चुकीचा बेस मागे येऊन खाऊन टाकायची ताकद असते, आणि टेबलावर थंड पडलेले असताना हीच ताकद प्रायमरची शेपटी कुरतडते. साधं फ्यूजन शेवटी घालावं असं त्यांच्या कागदावर असतं ते यासाठी. यांची हॉट-स्टार्ट आवृत्ती घेतली तर जादा बँडइतकाच हा त्रासही कमी होतो. क्लोनिंगला जाताना आणखी एक बघा: टॅक तुकड्याच्या टोकाला एक जादा ए सोडतं, म्हणून टीए व्हेक्टर (त्या ए ला जुळणारं टी टोकाला असलेलं वाहक डीएनए) चालतो, फ्यूजन आणि क्यू५ सपाट टोकं देतात, तिथे टीए व्हेक्टर घेऊन बसलात तर कॉलनी येणार नाहीत. आणि जुन्या तुकड्यांचं प्रदूषण टाळायला कोणी डीयूटीपी (युरॅसिलचं अक्षर) आणि यूएनजी (युरॅसिल काढून टाकणारं एन्झाइम) वापरत असेल, तर पीएफयू जातीची (अशी प्रूफरीडिंगवाली) एन्झाइम युरॅसिल आलं की अडतात. तिथे टॅकच.

आता लावायचं कसं. आमच्याकडे सर्वांत जास्त लागतो तो माशांचा सीओआय बारकोड (जात ओळखायला वापरतात तो जनुकाचा तुकडा), वॉर्ड यांचे २००५ चे फिश प्रायमर, तुकडा साधारण ६५५ बेसांचा. इसवण (सुरमई) म्हणून विकलेल्या तुकड्या खरंच इसवणाच्या का, हा प्रोजेक्ट दर दोन वर्षांनी कोणाला तरी सुचतोच. पंचवीस मायक्रोलिटरची ट्यूब धरा. प्रत्येक प्रायमर ०.२ ते ०.४ मायक्रोमोलर, प्रत्येक डीएनटीपी (जोडायचं सुटं अक्षर) २०० मायक्रोमोलर, मॅग्नेशियम दीड ते दोन मिलिमोलर, एन्झाइम अर्धा ते पाऊण युनिट, डीएनए वीस-पन्नास नॅनोग्रॅम. प्रायमर जास्त घातले की बँड जाड येतो हा गैरसमज आहे, डायमर जाड येतो. एन्झाइमचंही तेच. शिवाय ते ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये असतं, म्हणून त्याचं आकारमान एकूण मिश्रणाच्या दहाव्या भागापेक्षा नेहमीच कमी ठेवायचं.

ग्लिसरॉलमुळेच ते उणे वीसला गोठत नाही आणि टिपेला चिकटतं. टिप द्रवाच्या पृष्ठभागाखाली जेमतेम बुडवा, सावकाश ओढा. खोल बुडवून बाहेरच्या बाजूला लागलेलं एन्झाइम मास्टर मिक्समध्ये गेलं की महिनाभराची बाटली पंधरवड्यात संपते आणि हिशोब माझ्याकडे मागतात. पावसाळ्यात बाटली फ्रीजरमधून काढली की क्षणात तिच्यावर दव धरतं. टिश्यूने पुसा, सेंट्रीफ्यूजमध्ये सेकंदभर फिरवा, मग झाकण उघडा. मास्टर मिक्स सगळ्या ट्यूबांसाठी एकत्र, वर दहा टक्के जादा, बोटाने टिचक्या मारून हलवायचं. एन्झाइम पडल्यावर व्हॉर्टेक्सवर (जोराने घुसळणाऱ्या यंत्रावर) धरायचं नाही.

हॉट-स्टार्ट आहे म्हणून बर्फ सोडू नका. कंपन्या ‘रूम टेम्परेचरला लावा’ म्हणतात, पण त्यांच्या रूमचं टेम्परेचर आणि आपल्या रूमचं एक नाही. शिवाय कुठलीच बांधणी शंभर टक्के नसते.

प्रोग्रॅम असा: पहिली पायरी एन्झाइमच्या बांधणीप्रमाणे, अँटिबॉडी ९५ ला २ मिनिटं, ॲप्टामर ३० सेकंद, रासायनिक १० मिनिटं. मग ९५ ला ३० सेकंद, ५४ ला ३० सेकंद, ७२ ला एक मिनिट, अशा पस्तीस सायकली, शेवटी ७२ ला पाच मिनिटं, आणि १० अंशांना थांबा. रात्रभर ४ अंशांना ठेवलं तर आमच्या दमट हवेत ब्लॉकवर पाणी साचतं आणि मशीन विनाकारण राबतं.

‘बँडच येना’ या तक्रारीचं सर्वांत नेहमीचं कारण याच पहिल्या ओळीत असतं. मशीनमध्ये कोणीतरी साध्या टॅकसाठी साठवलेला प्रोग्रॅम असतो, ९५ ला दोन मिनिटं. नव्या बाटलीत असतं रासायनिक हॉट-स्टार्ट. ते दोन मिनिटांत डोळेही उघडत नाही. एन्झाइम खराब आलं म्हणून कंपनीला पत्र जातं, आणि प्रोग्रॅम पाहिला की खरं कळतं. आमच्या मशीनवर मी प्रोग्रॅमच्या नावातच बांधणी लिहिलीय: सीओआय-अँटि, सीओआय-ॲप्टा, सीओआय-केमि. उलट गडबडही होते. साध्या टॅकला दहा मिनिटं ९५ दिलं तर ते लगेच मरत नाही, ९५ ला त्याचं अर्धं आयुष्य चाळीस मिनिटांच्या आसपास आहे. पण पस्तीस सायकलींचे ९५ अंश त्यात धरले की शेवटी दम संपतो.

नवी बाटली आली की ती खरंच बांधलेली आहे का, ते तपासायची एक सोपी पद्धत आहे. एकच मास्टर मिक्स करा, चार ट्यूबांत वाटा. दोन बर्फावर, दोन टेबलावर तासभर. मग चौघींना एकाच वेळी मशीनमध्ये घाला. प्रत्येक जोडीत एक टेम्प्लेटसह आणि एक पाण्यासह. बांधणी चांगली असेल तर बर्फावरची जोडी आणि टेबलावरची जोडी जेलवर ओळखता येत नाही. टेबलावरच्या पाण्याच्या ट्यूबमध्ये डायमर दिसला तर ते एन्झाइम हॉट-स्टार्ट म्हणून जपून वापरा. याला तुमचे सर्वांत त्रास देणारे प्रायमर घ्या, सरळमार्गी प्रायमरनी काही कळणार नाही. आम्ही मलेरियाचे नेस्टेड (दोन फेऱ्यांत वापरायचे) प्रायमर घेतो. त्यात व्हायवॅक्स या मलेरियाच्या परजीवीचा बँड १२० बेसांच्या आसपास येतो, फाल्सिपॅरम या दुसऱ्याचा २०५ ला. १२० चा बँड डायमरच्या इतका जवळ असतो की बांधणी थोडी ढिली असली तरी जेल लगेच चुगली करतं. जेल मात्र दोन-अडीच टक्क्यांचं ओता, एक टक्क्याच्या जेलवर हे दोन शेजारी वेगळे दिसणार नाहीत.

काही गोष्टी हॉट-स्टार्टने सुधारत नाहीत, आणि त्यावर पैसे गेलेले पाहिले की मला राग येतो. मांडवीच्या गाळातलं ह्युमिक ॲसिड, काजूच्या पानांतलं आणि खारफुटीतलं पॉलिफिनॉल, ही टॅकलाच अडवतात, बांधलेलं असो वा सुटलेलं. तिथे डीएनए दहापट पातळ करून बघा, बीएसए (अडथळे धरून ठेवणारं प्रथिन) घाला, नाहीतर डीएनए काढायची पद्धतच बदला. फॉर्मेलिनमधल्या नमुन्यांचंही तसंच. २०१८ साली गोव्यात मासळीतल्या फॉर्मेलिनवरून गदारोळ झाला, तेव्हापासून मुलांना फॉर्मेलिनचे नमुने तपासायची हौस आहे. फॉर्मेलिन डीएनएला गाठी मारतं आणि तो तुटतो. ६५५ चा तुकडा त्यातून निघत नसेल तर दीडशे-दोनशेचा मिनी-बारकोड लावा. सुक्या मासळीला आणि शिजवलेल्या तुकड्यालाही हेच.

आणखी एक, १६एस (जिवाणू ओळखायचं जनुक) करणाऱ्यांसाठी. टॅक ई. कोलायमध्ये बनवतात, त्यामुळे बाटलीत ई. कोलायच्या डीएनएचे कण असू शकतात. सर्व जिवाणूंना लागू पडणारे १६एस प्रायमर घेऊन पस्तीस-चाळीस सायकली चालवल्या की पाण्याच्या ट्यूबमध्येही १५०० चा देखणा बँड येतो. हॉट-स्टार्टने तो जाणार नाही. डीएनए काढून टाकलेलं एन्झाइम मागा, सायकली पंचवीस-तिसाच्या आत ठेवा, आणि पाण्याची ट्यूब कधीही वाचवू नका.

साठवणीचं थोडं. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीजर एन्झाइमला वाईट, तो दर काही तासांनी गरम होतो. साधा उणे वीसचा, आणि एन्झाइम थर्माकोलच्या किंवा कूल-ब्लॉकच्या डब्यात, दारापासून लांब. मोठी बाटली आली की त्याच दिवशी छोट्या ट्यूबांत वाटून तारीख आणि बांधणीचा प्रकार लिहायचा. तयार २ एक्स (दुप्पट तीव्रतेचा) मास्टर मिक्स घेतला असेल तर तो पूर्ण वितळू द्या आणि उलटसुलट करून नीट मिसळा, वितळताना वरचा थर पातळ आणि खालचा घट्ट राहतो.

आणि ऑर्डर. आमच्याकडे पार्सल मुंबई, पुणे किंवा बेंगळुरूहून येतं, घाट उतरून. शुक्रवारी निघालेलं पार्सल शनिवार-रविवार कुठल्यातरी गोदामात बसतं आणि सोमवारी जेल-पॅक कोमट झालेले असतात. सोमवारी पाठवा असं पुरवठादाराला लेखी कळवा. जेल-पॅक कोमट दिसले तर फोटो काढा, पण बाटली लगेच टाकू नका. ग्लिसरॉलमधलं टॅक एका दिवसाच्या उकाड्याने सहसा मरत नाही, वरची चार ट्यूबांची परीक्षा घेऊन ठरवा. गणेश चवथीच्या आठवड्यात काहीच मागवू नका. पार्सल दारात येतं आणि सही करायला लॅबमध्ये कोणी नसतं.